अक्कांची सकाळची गाडी

खोली बघायला गेलो तेव्हा अक्कांनी आमची जात विचारली नाही, पगार विचारला नाही, पोरंबाळं किती तेही विचारलं नाही. ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी हाय का?"

आमचे हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. नुकतीच बदली होऊन आलो होतो. ह्यांना वाटलं, बाई आपली ऐपत जोखतायत. छाती काढून म्हणाले, "हाय की! मोटरसायकल हाय. नवीच."

"मग खोली न्हाय."

एवढं बोलून त्या परत शेंगांकडं वळल्या. हे माझ्याकडं बघतायत, मी ह्यांच्याकडं. उन्हातान्हात सामान टेंपोत बांधलेलं, दुसरं घर कुठं शोधायचं? मीच मग पुढं झाले आणि अक्कांच्या समोर बसून शेंगा फोडायला लागले. मग त्याच म्हणाल्या, "तुला चालवता येती का?"

"न्हाय ओ."

"मग ती तुमची गाडी न्हाय, त्याची हाय." जरा थांबून म्हणाल्या, "राहा. पर गाडी भिंतीच्या बाहेर. आन् किल्ली दाराच्या खुंटीला. त्याच्या खिशात न्हाय."

"पण मला चालवता येत नाही तर किल्ली खुंटीला ठेवून काय उपयोग?" मी विचारलं.

"चालवता येत नसंल. कुठं हाय ते तर दिसंल."

त्या घरात आम्ही मग वीस-बावीस वर्षं काढली. हे रिटायर झाले तरी हललो नाही. किल्ली शेवटपर्यंत खुंटीलाच होती.

आमचं ते गाव माकणीच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून. तीन बाजूंनी पाणी. धरण भरलं की समुद्रासारखं दिसतं, असं ज्यांनी समुद्र बघितला नाही ते सगळे सांगतात. गाव भूकंपानंतरचं, नव्यानं वसवलेलं. जुन्या गावात म्हणे भिंतीला भिंत होती, शेजारणीकडून विरजण मागायचं तर नुसता हात लांब केला की भागायचं. नव्या गावात सरकारनं रस्ते दिले ते असे रुंद की दोन ट्रॅक्टर गप्पा मारत शेजारून जातील. पहिल्या ओळीतल्या बाईला शेवटच्या ओळीतल्या बहिणीकडं जायचं म्हणजे डोक्यावर पदर घेऊन, पाण्याचा तांब्या पिऊन निघावं लागायचं. मग काय, पुरुषांनी गाड्या घेतल्या. ज्याच्या दारात बैल होते त्याच्या दारात मोटरसायकल आली, ज्याच्या दारात मोटरसायकल होती त्याच्या दारात फोरव्हीलर. एसटी मात्र फाट्यावर यायची, आणि फाटा म्हणजे चांगली तासाभराची चाल. आत गावात यायचं तिला कारणच उरलं नव्हतं. आणि फाट्यावरसुद्धा कोण चढणार? सगळ्यांच्या बुडाखाली आपापलं वाहन. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्या पुरुषांच्या. बायांच्या बुडाखाली मागची सीट. तीसुद्धा धन्याची मर्जी असेल त्या दिवशी.

अक्का ह्यावर एक वाक्य म्हणायच्या, ते मी कधी विसरणार नाही. "ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात बाईचं माहेर."

त्या स्वतः कुणाच्या गाडीवर बसायच्या नाहीत. म्हणजे मुळीच नाही. हातात पिशवी, अंगावर धुवट इरकल, मालकांच्या माघारीही न सोडलेलं कपाळाचं रुपयाएवढं कुंकू, असं लेऊन त्या फाट्याकडं चालत निघायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, एसटीत तर बसायचंय, एवढं ठेवणीतलं लुगडं कशाला?" तर माझ्यावरच डोळे वटारले. "चारचौघात जायचं हाय. तुमच्या त्या फोरव्हीलरमधी कोण बघतंय? काच वर केली की आत माणूस हाय का ज्वारीचं पोतं, कळत न्हाय."

वाटेत गावची पोरं गाडी थांबवायची. "अक्का, बसा की."

"तू कुठं चाललास?"

"लोहाऱ्याला."

"मी एसटीला चालले. आपली वाट येगळी."

वाट एकच होती. पण पोरगं डोकं खाजवत पुढं जायचं आणि अक्का धुळीतनं मागनं यायच्या.

त्यांची दोन्ही मुलं मोठ्या शहरात. चांगला धंदा, चांगली माणसं. आई फाट्यापर्यंत चालत जाते हे त्यांच्या जिवाला लागलं. खरं सांगायचं तर लोक काय म्हणतील हे जास्त लागलं. त्यांनी एक पांढरी फोरव्हीलर आणि तिच्यावर एक डायव्हर कायमचा अक्कांच्या दारात आणून उभा केला. डायव्हर बिचारा मोठा गरीब माणूस. मुलांनी त्याला बजावलं होतं, आई जिथं जाईल तिथं गाडी गेली पाहिजे. आणि अक्का तर बसणार नाहीत. मग तो काय करणार? पुढं एसटी, एसटीत अक्का, आणि एसटीच्या मागं ती पांढरी गाडी, रिकामी! लोहाऱ्यापर्यंत अशी वरात जायची. एसटी थांबली की ती थांबायची. एकदा एका थांब्यावर कंडक्टरनं खाली उतरून त्या डायव्हरला दम दिला, "का रं, आमच्या गाडीच्या मागं का लागलाय? पिशेंजर पळवतो का?" डायव्हर रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, माझी पिशेंजर तुमच्या गाडीत बसलीय, मी काय करू?"

पुढं अक्कांनी त्या गाडीला काम शोधून काढलं. उन्हाळ्यात बंद गाडीत ऊन कसं साठतं, तुम्हाला माहीत आहे. अक्कांनी मागच्या सीटवर धोतर अंथरलं आणि कुरडया वाळत घातल्या. धूळ नाही, कावळा नाही, शेळी नाही. दोन दिवसांत कडकडीत! मग सांडगे झाले, भरल्या मिरच्या झाल्या. सगळ्या गल्लीच्या बाया ताटं घेऊन यायला लागल्या. डायव्हर दार उघडून द्यायचा आणि कुठल्या ताटातलं काय वाळलं ते सांगायचा. मुलगा दिवाळीला आला, गाडीत बसला आणि शिंकत शिंकत खाली उतरला. "आई, गाडीला मिरचीचा वास येतोय!" अक्का म्हणाल्या, "मग? तुझ्या गाडीनं कधी नव्हं ते कष्ट केलेत. घाम आलाय तिला."

असल्या हट्टाला काहीतरी मूळ असतं. एकदा मी विचारलं. त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघी भाकरी थापत होतो.

त्यांचं माहेर अणदूर. लग्नाला थोडी वर्षं झाली होती. गावातली पहिली मोटरसायकल त्यांच्या मालकांनी घेतली होती. अणदूरवरून निरोप आला, आई लई आजारी आहे, लगेच या. मालक आदल्या दिवशी कशावरनं तरी रुसलेले. म्हणाले, "उद्या बघू." आणि किल्ली खिशात घालून शेतावर निघून गेले. गाडी अंगणात उभी, चकाचक पुसलेली. अक्का तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग नेसत्या लुगड्यानिशी फाट्यावर गेल्या. हातात काही नाही. एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा आधी, तिकिटाचं मग बघू."

"मग आई भेटली?" मी विचारलं. माझे डोळे भरलेले.

"भेटली की! मला बघून उठून बसली. मला म्हणली, काळी पडलीस. त्याच्यावर धा-बारा वर्सं जगली, आन् मरंपर्यंत मला बोलत हुती. भाकर करपली बघ तुझी."

तर अशा आमच्या अक्का.

आता जे सांगायचं ते. गिरणीवाले चाचा आमच्या गावात दळणाची गिरणी चालवायचे. त्यांची थोरली लेक नसरीन. हुशार, बोलकी, दवाखान्यात ह्यांच्याशेजारी उभी राहून औषधांची नावं वाचायची. तिचा उमरग्याला नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला. सगळ्यांना आनंद. पण जायचं कसं? सकाळी फाट्यावर पोचायचं कसं? काळीपिवळी जीप होती, पण तिच्यात माणसं कोंबलेली आणि उरलेली मागं लोंबकळलेली. चाचांनी पहिला आठवडा तिला स्वतःच्या स्कूटरवर फाट्याला सोडलं. पण सकाळची वेळ हीच दळणाची. गिरणी बंद बघून बाया डबे घेऊन माघारी गेल्या, सासवांनी आरडाओरडा केला. चाचा अक्कांच्या ओट्यावर येऊन बसले.

"अक्का, क्या करू? पोट गिरणीवर हाय, आन् लेक बी माझीच हाय. एसटी गावात आली तर पाठवतो. न्हायतर ह्या म्हैन्याच्या शेवटाला नाव काढून घेतो. मला बी वाईट वाटतं, पर लोंबकळत न्हाय पाठवणार."

नसरीन भिंतीला टेकून उभी होती. पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत होती. अक्का तिच्याकडं बघून म्हणाल्या, "नाव काढायचं न्हाय. गाडी मी आणते."

दुसऱ्याच दिवशी त्या आगारात गेल्या, आणि सोबत मला नेलं. आगारातले साहेब कामात होते. आम्ही बाकावर बसलो. अक्कांनी पिशवीतनं शेंगाच्या पोळ्या काढल्या आणि आधी शिपायाला दिल्या. साहेबांनी आत बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "बोला आजी, काय तक्रार आहे?"

"तकरार न्हाय. तुमची आई कुठं असती?"

साहेब जरा गोंधळले. "गावी असते."

"तिला लेकीकडं जायचं असलं तर कशानं जाती?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "भावाची गाडी आहे."

"आन् भाऊ कामात असला तर?"

अक्कांनी पोळी पुढं केली. माणूस वाईट नव्हता. साहेबांनी सरळ सांगितलं, "आजी, मला वर भरलेल्या सीटा दाखवाव्या लागतात. तुमच्या गावात दारोदार गाड्या. मी फेरी वाढवली आणि ती रिकामी आली, तर परत कधीच वाढवता येणार नाही. असं करू, हा महिनाभर सकाळची गाडी फाट्यावरनं आत गावापर्यंत आणतो. माणसं बसली तर कायम. नाही बसली तर तुम्ही परत माझ्याकडं यायचं नाही."

"येणार न्हाय," अक्का म्हणाल्या. "तुमीच याल आमच्याकडं."

गाडी गावात येणार ही बातमी पसरली आणि गाव पेटूनच उठलं. सरपंच म्हणाले, "आपल्या गावाचा मान हाय, असं वाजवू की उमरग्यापर्यंत ऐकू गेलं पायजे." हलगी ठरली, गुलाल आला, केळीचे खांब आले. आमच्या भागात एक रीत आहे. मानाचा पाहुणा आला की त्याला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला जायचं. एकट्यानं जाऊ द्यायचं नाही. जेवढा मोठा पाहुणा तेवढी जास्त माणसं.

मंगळवार होता. सकाळी गाडी आली. पोरं टपावर चढून केळीचे खांब बांधत होती. सरपंचांनी नारळ फोडला, डायव्हर-कंडक्टरला टॉवेल-टोपी दिली. गाडीत आगारातले ते साहेब स्वतः बसून आले होते, पहिला दिवस बघायला. त्यांनाही फेटा बांधला. अक्का, मी आणि नसरीन आत जाऊन बसलो. अक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना तिकीट माफ. तरी कंडक्टरला म्हणाल्या, "मशीनमधनं कागुद काढ. फुकट असू दे, पर मी मोजणीत आले पायजे." नसरीननं आणि मी बायांना असतं ते अर्धं तिकीट काढलं. कंडक्टरनं डबल बेल मारली. गाडी निघाली, हलगी कडाडली.

मी खिडकीतनं बघितलं आणि मला इतका आनंद झाला! पुढं मोटरसायकली, मागं मोटरसायकली, दोन्ही बाजूंनी मोटरसायकली. मागं चार-पाच फोरव्हीलर. प्रत्येक गाडीवर पुढं नवरा, मागं नटूनथटून बायको. कुणी हात हलवतंय, कुणी गुलाल उधळतंय. अख्खा गाव गाडीला शिवेपर्यंत सोडायला निघालेला.

साहेब पुढच्या सीटवरनं वळले. फेट्याखाली चेहरा लहान झालेला. हळूच म्हणाले, "आजी, तुमचं गाव फार उत्साही आहे. पण गाडी रिकामी आहे हो."

मी मागं वळून बघितलं. खरंच की! आम्ही तिघी. बाकी सगळ्या सीटा मोकळ्या, खिडकीतनं आलेला गुलाल तेवढा त्यांच्यावर बसलेला. नसरीनचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझा हात धरला.

अक्का उठल्या. चालत्या गाडीत, दांडीला धरून, बेलच्या दोरीपर्यंत गेल्या आणि अशी ओढली की दोरी तुटते का काय. गाडी शिवेवरच्या चिंचेखाली कच्चकन थांबली. अक्का खाली उतरल्या. हलगीवाला अजून वाजवत होता.

"बंद कर ते!"

हलगी थांबली. सरपंच हसत हसत पुढं आले. "अक्का, बघा कसा मान दिला गाडीला! सगळा गाव मागं हाय."

"मागं हाय ते दिसतंय. आत कोन हाय?"

सरपंचांनी टाच उंचावून आत बघितलं. जरा वेळ बघतच राहिले. "आत… आत तुमी हायेत की."

"मी हाये. अजून?"

"आन् ती… कंपाउंडरीण हाय."

"गाडीला पाव्हणी समजलास व्हय रे, येड्या? पाव्हणी असती तर सोडायला आला असतास. ती नांदायला आलीय!"

कुणी हसलं नाही. खरंच कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गाडी पाहिजे म्हणून सगळ्यांनी मनापासून केलं, फक्त तिच्यात बसायचं राहिलं. इतकी वर्षं कुठं जायचं म्हटलं की हात आपसूक किकवर जायचा. एसटीला निरोप द्यायलासुद्धा माणसं मोटरसायकलवरनंच निघाली.

मग सरपंचाच्या मागच्या सीटवरनं सरपंचीणबाई खाली उतरल्या. पदर झटकला.

"अगं, कुठं चाललीस?" सरपंच म्हणाले.

"गाडीत."

"गाडीत कुठं?"

"ती जाईल तिथं."

"आन् माझं जेवण?"

"काल रातीची आमटी हाय. ऊन करून घ्या. गॅस कसा पेटतो ते माहीत हाय न्हवं?"

ह्याच्यावर मात्र जो हशा उठला! आणि मग एकेक करून सगळ्या बाया उतरायला लागल्या. कुणी फोरव्हीलरचं दार उघडून, कुणी मोटरसायकलवरनं उडी मारून. एकीचे हात अजून पिठाचे होते. एक म्हणत होती, "अवं, दूध गॅसवर ठिवून आले की!" तर तिची जाऊ म्हणाली, "भावजींना सांग, त्ये बगतील. चढ तू." नवरे नुसते हँडल धरून उभे. एकानं विचारलं, "अक्का, ह्या परत कशा येतील?"

"जशा चालल्या तशा. आल्या गाडीनं येतील."

"कुठं चालल्यात पर?"

"तू रोज लोहाऱ्याला कशाला जातोस, तुला कधी इचारलं का कुनी?"

गाडी भरली. पण पर्स नाही, पैसे नाहीत, पायात घरातल्या चपला. कंडक्टर हतबल होऊन साहेबांकडं बघायला लागला. शेवटी नवऱ्यांनीच खिशातनं पैसे काढून खिडकीतनं आत दिले. साहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आजी, आजची जत्रा झाली. उद्याचं काय? रोज थोडाच नारळ फुटणार आहे?"

अक्का क्षणभरही थांबल्या नाहीत. "उद्या बुधवार. बुधवार खालच्या गल्लीचा वार हाय."

"वार? कसला वार?"

"एसटीचा. आमच्याकडं गल्लीवार वार लावलेत."

मी अक्कांच्या शेजारी बसले होते. आमच्या मारुतीच्या दिव्याला तेल घालायचे गल्लीवार वार होते, तेवढे खरे. एसटीचा वार त्या वेळेपर्यंत जगात नव्हता. मी तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसले.

उमरग्याला नसरीन तिच्या वर्गात गेली. आम्ही सगळ्या बाया स्टँडवर भजी खाऊन, बाजारातनं एक फेरी मारून, ज्यांची माहेरं जवळ होती त्यांना फोन लावून हसून हसून परत आलो. गावात उतरलो तशा अक्का मला म्हणाल्या, "चप्पल घट कर. आता वार लावायचे हायेत."

संध्याकाळभर त्या सगळ्या गावात फिरल्या, त्या रुंद रस्त्यांवरनं, पायी. प्रत्येक घरात एकच बोलणं. "तुमच्या गल्लीचा अमका वार. त्या दिवशी बाजार, बँक, दवाखाना, पंचायत समिती, माहेर, काय आसंल ते काम एसटीनं करायचं. गाड्या दारात. मारुतीला तेल चुकवत न्हाय, मग हे बी चुकवायचं न्हाय." मारुतीचं नाव घेतल्यावर कोण नाही म्हणणार? चाचांच्या गल्लीत पाच-सहा घरं मुसलमानांची. अक्का तिथं म्हणाल्या, "तुमच्यात जुम्म्याला कामं कमी असतात, शुक्रवार नगं, तुमी दुसरा वार घ्या." त्यांनी सोमवार घेतला आणि सगळ्यात चोख पाळला तोही त्यांनीच.

सगळं गुळगुळीत झालं असं नाही. पहिल्या ओळीतले मोठ्या गाड्यावाले हसले. म्हणाले, "आमी एसटीत? आमच्या दाराला एवढी लाखांची गाडी उभी हाय." अक्का म्हणाल्या, "हाय ना, उभी हाय. उभीच राहू द्या. माझी बी हाय, कुरडयाला बरी पडती." आणि काळीपिवळीवाला तर रडायलाच आला. "अक्का, माझ्या पोटावर पाय देता व्हय?" अक्कांनी त्याला बसवलं, चहा दिला. त्या गोष्टीचा त्यांनी विचार केला नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावरनं कळलं. मग म्हणाल्या, "पाण्याच्या पल्याड चार वस्त्या हायेत. त्यांना आपल्या गावापर्यंत कोन आणतं?"

"कोनीच न्हाय."

"तू आण. एसटीच्या टायमाला आणून सोड, एसटीच्या टायमाला न्यायला ये. फाट्यापर्यंत लोंबकळत नेण्यापरीस बरं." पहिले दोन-चार दिवस तो गुरगुरला. मग वस्त्यांवरनं दूधवाले, शाळेची पोरं, म्हाताऱ्या, सगळी त्याच्या जीपमधनं आमच्या गावात यायला लागली आणि आमच्या गावातनं एसटीत बसायला लागली. आता तो माणूस एसटी उशिरा आली तर कंडक्टरला आमच्यापेक्षा जास्त ओरडतो.

दुसऱ्या आठवड्यात वरच्या गल्लीनं वार चुकवला. गाडी जवळजवळ रिकामी गेली. अक्का कुणाला बोलल्या नाहीत, रागावल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी गाडीच्या वेळेला त्या वरच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध घोंगडी टाकून बसल्या. शेंगा फोडत. मोटरसायकल आली की म्हणायच्या, "जा की बाबा, मी कुठं अडवलंय? माझ्या अंगावरनं जा." त्या गल्लीनं पुढं कधी वार चुकवला नाही.

महिना संपत आला तसा वारांचा हिशेबच राहिला नाही. कुणाचा वार कुठला हे विचारायचं बंद झालं. बाया आपल्याआपण जायला लागल्या. एक जण शिवणकाम शिकायला, एक जण बँकेत, दोघी-तिघी नुसत्याच. सरपंचीणबाई दर गुरुवारी जायच्या. कुठं जायच्या ते सरपंचांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

महिन्याच्या शेवटाला चाचा गिरणीच्या दारात उभे राहून गाडीची वाट बघत होते. लेकीसाठी नव्हे, साहेबांसाठी. साहेब त्या दिवशी आले, स्वतः एसटीतनं. अक्कांच्या ओट्यावर चहा प्याले आणि म्हणाले, "आजी, फेरी कायम झाली. आणि संध्याकाळची पण देतोय, मुक्कामी. रात्री गाडी इथंच राहील, सकाळी इथनंच सुटेल. फक्त माझ्या दोन माणसांच्या जेवणाचं आणि झोपायचं बघाल ना?"

"बघू म्हंजे?" अक्का म्हणाल्या. "ज्या गल्लीचा वार, ती गल्ली जेवू घालंल."

बातमी कळताच चाचांनी गिरणीचा पट्टा थांबवला, हात पुसले, आणि ओट्यावर येऊन अक्कांच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. अक्कांनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं. "माझ्या पाया काय पडतोस? लेकीला डबा दे. तिथलं खाणं बरं नसतं." नसरीन आता एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला आहे. सुट्टीला येते ती मुक्कामी गाडीनंच.

मी आता मुलाकडं तुळजापूरला असते. फोनवर अक्कांशी बोलणं होतं. कान कमी झालेत, आवाज मात्र तसाच. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा एक दिवस कायम येतो. गाडी कायम झाल्यानंतर थोड्या महिन्यांतला. अणदूरची जत्रा होती आणि अक्कांना माहेरी जायचं होतं. नवं इरकल नेसल्या, पिशवी घेतली. मी गावातल्या थांब्यापर्यंत सोबत गेले. वस्त्यांवरनं जीप आलेली, कॉलेजच्या पोरी, दूधवाले, डबेवाल्या, सगळी गर्दी. अक्का चढल्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर ओरडला, "ए पोरींनो, उठा, अक्काला बसू द्या!" चार-पाच पोरी एकदम उठल्या.

"बसा खाली!" अक्का म्हणाल्या. "कुनी उठलं तर बघा."

"अहो पण अक्का, एवढ्या लांब उभ्या…"

"मला उभंच राहायचंय. बेल मार तू."

खिडकीतनं मला त्या दिसल्या. पोरींच्या गर्दीत, एका हातानं वरची दांडी धरून, पदर खोचून उभ्या. कुंकू घामानं पसरलेलं. गाडी हलली तशी त्या इकडं कलल्या, तिकडं कलल्या, आणि हसत होत्या.

त्यानंतर आठवडाभर आमच्या ओट्यावर जो कुणी येईल त्याला त्या तेच सांगत होत्या. दुसऱ्या बाया लेकाच्या लग्नाचं सांगतात ना, तसं. "काय सांगू बाई, अणदूरला गेले, जाताना उभी, येताना उभी. मला जागाच मिळाली न्हाय!"